जुन्या संग्रहसूच्या डिजिटल दप्तरातून उडवाव्यात का? (नागपूर)

दप्तरवाली | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, जरा लांबण लावते, सांभाळून घ्या.

महालातल्या एका छोट्या ट्रस्टचं डिजिटल दप्तर मी बघते. जुने खासगी कागद, थोडं मोडी, बरंचसं मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काळातलं इंग्रजी. साधारण २००५ च्या सुमारास एका निवृत्त गुरुजींनी सगळे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडून पाहिले आणि एकेका संग्रहाची हँडलिस्ट, म्हणजे सूची, टाइप करून घेतली. पुढे त्या हँडलिस्टा पीडीएफ होऊन साइटवर चढल्या. गेल्या चार वर्षांत आम्ही सगळं नव्याने लावलं. रुमाल काढून कागद आम्लमुक्त खोक्यांत ठेवले, क्रमांक बदलले, नव्या सूच्या केल्या. जुन्या मात्र काढायच्या राहून गेल्या. आता दोन्ही शेजारी शेजारी आहेत आणि गूगलवर जुनीच आधी येते, कारण सगळ्यांनी वर्षानुवर्षं दुवे तिचेच दिलेत.

मागच्या आठवड्यात एक संशोधक बाई अहेरीहून रात्रीची एसटी धरून आल्या. पहाटे गणेशपेठ स्टँडवर उतरून, तोंड धुऊन, आम्ही कुलूप काढायच्या आधीच पायरीवर बसलेल्या. हातात आमच्याच जुन्या सूचीचं पान, ‘रुमाल ४७ : चांदा जिल्हा, जंगल व जमीनदारी’ या ओळीवर पिवळी रेघ. मी नवा ४७ काढून समोर ठेवला. त्यात निघाले एका घराण्याच्या लग्नखर्चाचे हिशोब. तूप किती, बुंदी किती, मांडवाचे बांबू किती. बाईंनी दोन पानं उलटली आणि माझ्याकडे बघितलं. तो चेहरा डोळ्यांपुढून जात नाही.

त्यांचे कागद शेवटी सापडले, पण दुपारचे तीन वाजले आणि परतीची गाडी पाचला.

विश्वस्तांच्या बैठकीत हे सांगितलं तर उत्तर आलं, ‘मग डिलीट करून टाका ना, एका दुपारचं काम आहे.’ मी आठ दिवस मागून घेतलेत. जुन्या सूच्या सरळ उडवू का? कोणी असं केलंय का?

---

सर्व्हरभाऊ_सदर | सोमवार, रात्री १०.०५

उडवा ना ताई, इचार कायले करून राहिल्या? चुकीची माहिती साइटवर ठेवणं म्हणजे जुन्या बसस्टॉपचा बोर्ड तसाच ठेवणं. माणूस थांबते तिथं, गाडी जाते दुसरीकडून. फाइल काढा, सर्व्हरले ४१० द्यायले लावा. ४०४ म्हणजे ‘सापडत नाही’, ४१० म्हणजे ‘होतं, आता कायमचं गेलं’. गूगल समजून घेते.

---

तळटीप | सोमवार, रात्री १०.५०

थांबा थांबा. कृपा करून उडवू नका!

मी त्या ‘सगळ्यांनी’पैकी एक. माझ्या प्रबंधात तुमच्या ट्रस्टच्या सतरा तळटिपा आहेत आणि सगळ्या जुन्या क्रमांकांनी. ‘रुमाल ४७, पुडके ३, कागद ११’ असं. प्रबंध छापून, बांधून, विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बसलाय. तिथं जाऊन मी पेनाने नवे आकडे घालू शकत नाही. उद्या कोणी माझं विधान तपासायला आलं आणि जुनी सूचीच नसेल, तर त्याला ४७ म्हणजे लग्नाची बुंदी मिळणार. म्हणजे मी खोटी ठरणार.

तुम्हाला लागतोय तो क्रमांक-मेळ. जुना क्रमांक, नवा खोका, नवा फोल्डर, एवढे तीन रकाने. तो नसताना जुनी सूची काढणं म्हणजे घराचा नंबर बदलायचा आणि पोस्टमनला सांगायचंच नाही.

---

दप्तरवाली | सोमवार, रात्री ११.१०

मेळ आहे, पण अर्धवट. एक्सेलमध्ये. ज्या मुलीने सुरू केला ती बँकेत लागली.

---

मोडीमित्र | मंगळवार, सकाळी ७.१५

त्या गुरुजींच्या सूच्यांवर मी वाढलोय, तरी त्यांच्या चुका सांगतो.

एका कागदाला त्यांनी सन घातलाय १७८५-८६. मूळ कागदावर आहे ‘मयातैन व अलफ’. मयातैन म्हणजे दोनशे, अलफ म्हणजे हजार, झाले १२००. गुरुजींनी हे १२०० हिजरी धरून कोष्टकात पाहिलं आणि १७८५-८६ काढलं. पण हा सुहूर सन आहे. मृगापासून सुरू होणारा, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. सुहूर सनात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे कागद १७९९-१८०० चा. पुरावा त्याच कागदात आहे, दुसऱ्याच बंदात (पानात) कोलब्रुक साहेबाचं नाव. कोलब्रुक कंपनीचा वकील, म्हणजे दूत, म्हणून नागपूरला आला तोच १७९९ मध्ये. आता १४ वर्षांच्या फरकाने काय होतं पाहा. १७८५ मध्ये कारभार मुधोजी भोसल्यांच्या हातात होता, १७९९ मध्ये दुसरे रघूजी गादीवर. कागद एका राजवटीतून उचलून दुसरीत टाकला. आणि ती चूक पुढे दोन लेखांत जशीच्या तशी उतरली आहे, मी पाहिली.

तेव्हा जुनी सूची निर्धास्त उघडी ठेवा असं मी म्हणणार नाही.

पण त्याच गुरुजींनी त्याच कागदापुढे लिहिलंय, ‘उजवी कड ओलीने गेली, शेवटच्या ओळीत “मुक्काम” एवढेच वाचते, पुढे गावाचे नाव अर्धे.’ आणि ते अर्धं नाव त्यांनी उतरवून ठेवलंय. मागच्या पावसाळ्यात मी तोच कागद पाहिला, ‘मुक्काम’सुद्धा राहिलेला नाही. ती कड चुरा होऊन खोक्याच्या तळाशी पडली आहे. म्हणजे त्या गावाच्या नावाला जगात आता एकच आधार उरला, गुरुजींची सूची. तिला यादी समजू नका, ती आता स्वतःच एक दस्तऐवज झाली आहे. कागद झिजतात तशी जुन्या सूचीची किंमत वाढते, हे विश्वस्तांना पटवून सांगणं अवघड आहे खरं.

रुमालांचा मूळ क्रमही तिच्यातच आहे. कोणत्या पुडक्याशेजारी कोणतं बांधलं होतं हे खोक्यांत गेल्यावर कळत नाही.

---

सर्व्हरभाऊ_सदर | मंगळवार, सकाळी ९.३०

हे माहीत नव्हतं बा. ४१० चं मागे घेतो.

ताई, साइट कशावर आहे? डीस्पेस (डिजिटल दप्तराचं सॉफ्टवेअर) असन तर बरंच काही करता येते.

---

दप्तरवाली | मंगळवार, सकाळी ९.५२

डीस्पेसच. छापील पुस्तकांची यादी कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये.

---

सर्व्हरभाऊ_सदर | मंगळवार, दुपारी १.२०

मग नीट वाचा. डीस्पेसमध्ये ‘काढणं’ तीन तऱ्हेचं असते आणि लोकं तिन्हीची गल्लत करतात.

पहिली तऱ्हा, नोंद खासगी करायची. साइटच्या शोधात आणि याद्यांत ती दिसत नाही, पण ज्याच्याजवळ थेट दुवा आहे त्याले उघडते. तळटीप ताईंचं काम याच्यानं भागते.

दुसरी, विथड्रॉ. फाइल बाहेरच्यांले बंद, अॅडमिनले दिसते. दुवा उघडला की ‘ही नोंद मागे घेतली आहे’ असं पान येते. इंग्रजीत त्या पानाले चक्क थडग्याचा दगड म्हणतात. आपण समाधी म्हणू.

तिसरी, कायमचं डिलीट. नोंद गेली, फाइल गेली, हँडल लटकलं. हँडल म्हणजे तो कायमचा पत्ता, जो तुम्ही सगळ्यांले ‘हाच द्या, हा बदलत नाही’ म्हणून सांगितला. तो असा मोडला तर पुढच्या वेळी कोणी इश्वास ठेवणार नाही.

तुमच्या बहुतेक सूच्यांले पहिली तऱ्हा लावा. आता गूगलचं. इथं सगळे एकच चूक करतात, मी पण केली होती. रोबॉट्सच्या फाइलीत (गूगलसारख्यांले कुठं यायचं नाही ते सांगणारी फाइल) तो पत्ता अडवून ठेवतात आणि वाट पाहतात की गूगलमधून जाईन. जात नाही! अडवल्यावर गूगल आतच येत नाही, आत आला नाही तर ‘नोइंडेक्स’ची, म्हणजे ‘निकालात दाखवू नका’ची, पाटी वाचणार कसा? दुवे बाहेरून असले तर नुसता पत्ता निकालात दिसतच राहते. दार उघडं ठेवा आणि आत पाटी लावा. पीडीएफ असन तर पाटी सर्व्हरच्या हेडरमधून द्यावी लागते. गूगलचं ते काढून टाकायचं टूल आहे, पण ते सहा महिन्यांपुरतंच झाकते.

आणि लोकं गूगलवरून थेट पीडीएफवर उतरतात, नोंदीचं पान पाहतच नाहीत. तुमच्या अहेरीच्या बाईंचं नेमकं हेच झालं असन. म्हणून सूचना पीडीएफच्या पहिल्या पानावरच पायजे. पण मूळ फाइलले हात लावू नका, चेकसम (फाइल बदलली का ते सांगणारा आकडा) बदलते आणि तपासणीत बोंब होते. मूळ तशीच आत ठेवा, सूचनेचं पान जोडलेली प्रत बाहेर लावा.

मेटाडेटात, म्हणजे नोंदीच्या माहितीत, ‘इज रिप्लेस्ड बाय’चा (‘याच्या जागी आता हे’) रकाना आहे डब्लिन कोअर या ठरलेल्या पद्धतीचा, त्यात नव्या सूचीचं हँडल. नव्या सूचीत उलटा, ‘रिप्लेसेस’. कोहामध्ये ८५६ नंबरच्या फील्डमध्ये जुने दुवे पडले असतीन, तेही पाहून घ्या.

---

पेन्शनर_धरमपेठ | मंगळवार, दुपारी ४.४५

सर्व्हरभाऊ, तुम्ही कालपर्यंत बसस्टॉपचा बोर्ड उपटायला निघाला होता!

---

सर्व्हरभाऊ_सदर | मंगळवार, दुपारी ४.५१

काका, आता त्याच बोर्डावर ‘स्टॉप पुढे हलवला आहे’ लिहून राहिलो.

---

पेन्शनर_धरमपेठ | मंगळवार, संध्याकाळी ५.३०

छान. पण नवं ते सगळं सोनं असंही धरू नका. परवा तुमची नवी सूची चाळत होतो. १९५३ च्या एका सरकारी पत्राला ‘मध्यप्रांत व वऱ्हाड सरकार’ असा मथळा दिलाय. जुन्या सूचीत ‘मध्यप्रदेश शासन, नागपूर’ आहे. तुमच्या कोणा तरुण मदतनिसाला वाटलं असेल, नागपूर आणि मध्यप्रदेश, ही टायपिंगची चूक. तिने दुरुस्त केली आणि बिघडवली! २६ जानेवारी १९५० पासून या प्रांताचं नाव मध्यप्रदेशच होतं आणि राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. माझ्या जन्मदाखल्यावर मध्यप्रदेश आहे, पासपोर्टच्या वेळी तो बाबू माझ्याकडे संशयाने बघत होता.

जुनी उडवली असती तर ही चूक मी कशाशी ताडून पाहिली असती?

---

दप्तरवाली | मंगळवार, संध्याकाळी ६.०५

काका, बघितलं. आमचीच चूक. लगेच दुरुस्त केली आणि तशा आणखी दोन निघाल्या.

गावजिल्ह्यांचा घोळ उलट बाजूनेही आहे. गुरुजींनी कागदावर जे होतं तेच लिहिलं, ‘चांदा’. ते बरोबरच. पण १९६४ नंतर चंद्रपूर, आणि २६ ऑगस्ट १९८२ ला त्यातून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. अहेरीचा माणूस शोधात ‘गडचिरोली’च टाकणार, आणि जुन्या सूचीत तो शब्द एकदाही नाही. गोंदियाचंही तसंच, १९९९ पर्यंत ते भंडाऱ्यात. नव्या सूचीत आम्ही दोन्ही नावं दिलीत. शिवाय जुन्या फाइली कृतीदेवमध्ये टाइप केलेल्या, युनिकोड नाही. पडद्यावर मराठी दिसते, आणि त्यातला शब्द शोधायला गेलं की काही सापडत नाही, कॉपी केलं तर इंग्रजी अक्षरांचा खिचडा.

---

पालावरून_शहरात | मंगळवार, रात्री ९.१५

मी एरवी नुसता वाचत असतो. पण एक मुद्दा कोणीच काढला नाही म्हणून लिहितोय.

तुमच्या जुन्या सूचीत एक मथळा आहे, ‘गुन्हेगार जमाती’. त्याखाली आमच्या समाजाचं नाव. अवतरणचिन्हं नाहीत, काही नाही. जणू ते आमचं वर्णनच आहे. १८७१ चा कायदा होता तो, स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. त्यानंतर पन्नास वर्षांनी टाइप केलेल्या सूचीत तो शब्द सूचीकाराच्या तोंडचा म्हणून यावा? माझ्या पुतणीने गूगलवर आमच्या समाजाचं नाव टाकलं तर तुमची पीडीएफ आली. बारा वर्षांची आहे ती. तिने विचारलं, काका, हे काय आहे.

मोडीमित्र म्हणतात सूची हाही दस्तऐवज. मान्य. पण तो दस्तऐवज माझ्या घरात येऊन बोलतोय.

---

मोडीमित्र | मंगळवार, रात्री १०.०२

भाऊ, तुमचं बरोबर आहे आणि माझ्या लक्षात हे आलं नाही याची लाज वाटली.

---

तळटीप | मंगळवार, रात्री १०.४०

मलाही हे सुचायला हवं होतं. एकच विनंती, फायलीचं स्वतःचं नाव बदलू नये. १९२० च्या दशकातल्या सरकारी फायलीवर जे लिहिलंय ते त्या सरकारने लिहिलंय, ते पुसलं तर सरकारचं वागणंच पुसलं जाईल. ते अवतरणात ठेवा. सूचीकाराचा स्वतःचा मथळा मात्र आजचा हवा, ‘विमुक्त’. आणि त्या पानाला नोइंडेक्स आधी, बाकीचं नंतर.

---

पालावरून_शहरात | मंगळवार, रात्री १०.५५

चालेल. फायली लपवा असं माझं म्हणणंच नाही. त्या मलाच वाचायच्या आहेत.

---

दप्तरवाली | बुधवार, सकाळी ८.३०

ती सूची रात्रीच खासगी केली आणि सर्व्हरभाऊंनी सांगितल्याप्रमाणे पाटीही लावली. तुमच्या पुतणीला माझ्याकडून सॉरी सांगा. फायली वाचायला कधीही या, आधी फोन केलात तर बाहेर काढून ठेवते.

यावरून एक गोष्ट आठवली आणि झोप उडाली. जुन्यांपैकी एका सूचीत १९७० च्या दशकातल्या एका खासगी दवाखान्याची नोंदवही पानोपान उतरवली आहे, रुग्णांच्या नावांसह, आजारांसह. त्यातली माणसं अजून याच शहरात असतील. हिचं काय करू?

---

सर्व्हरभाऊ_सदर | बुधवार, सकाळी ९.१०

ही विथड्रॉ. आत्ताच, चहा नंतर. इथं समाधीच पायजे.

आणि नावं झाकायले पीडीएफवर काळ्या पट्ट्या मारू नका. पट्टी वरून दिसते, खालचा मजकूर तसाच असते, सिलेक्ट करून कॉपी केला की बाहेर. मजकूरच काढून नवी फाइल करा. वेबॅक मशीनवर (जुन्या वेबपानांच्या प्रती ठेवणारी साइट) प्रत गेली असन तर त्यांलेही लिहावं लागन.

---

पेन्शनर_धरमपेठ | बुधवार, सकाळी १०.००

२०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधन आणि अभिलेखांच्या कामाला सूट आहे, कोणी विश्वस्त ते काढून दाखवेल. सूट असली म्हणून कोणाचा आजार भिंतीवर लावायचा नसतो, एवढं त्याला सांगा.

---

दप्तरवाली | रविवार, रात्री ८.२०

आठ दिवस संपत आले, म्हणून कळवते.

विश्वस्तांना कागदाच्या चुऱ्याचा फोटो दाखवला, शेजारी गुरुजींची ती ओळ. फार बोलावं लागलं नाही. दवाखान्याची सूची मागे घेतली, तिची दुरुस्त प्रत निघेल. बाकी जुन्या सूच्या थेट दुव्याने उघडतील, शोधात येणार नाहीत. पहिल्या पानावर हा मजकूर टाकलाय:

‘ही जुनी सूची आहे. यातील क्रमांकांनी कागद मागू नयेत, ते आता बदलले आहेत. नवी सूची आणि क्रमांक-मेळ खालील पत्त्यावर आहे. यातील काही सनांत चुका आढळल्या आहेत, मेळात त्या दाखवल्या आहेत. जुन्या लेखनातील संदर्भ तपासता यावेत आणि सूचीकाराने पाहिलेली पण आता नष्ट झालेली माहिती राहावी म्हणून ही जपली आहे. येण्याआधी फोन करावा.’

शेवटची ओळ अहेरीच्या बाईंसाठी. त्यांना मी नवे क्रमांक आणि त्यांच्या फोल्डरची छायाचित्रं पाठवली, परत यायची गरज पडू नये म्हणून. त्या येणारच म्हणाल्या, पोळा झाल्यावर.

मेळ पूर्ण करायला तीन संध्याकाळी बसलो, मी आणि मोडीमित्र. ते जुनी सूची वाचत, मी नव्यात शोधत. ५१ पर्यंत सगळं जुळलं. रुमाल ५२ नव्यात नाही. ‘हलवला’ नाही, ‘खराब’ नाही, नाहीच. खोकी लावताना तो कोणाच्या हाती लागला, की कधी आलाच नाही, काही कळत नाही. गुरुजींनी त्यात २९ कागद मोजलेत. लाल अलवाणाचा रुमाल, एक कोपरा जळलेला, असंही लिहिलंय.

विश्वस्तांचं म्हणणं, सापडेपर्यंत ही ओळ मेळात नको, ट्रस्टची बदनामी होते.

---

तळटीप | रविवार, रात्री ८.५५

५२ मधले दोन कागद माझ्या प्रबंधात आहेत. तेव्हा मी ते हातात घेतले होते, जळका कोपरा आठवतो. ओळ टाकाच. हवं तर माझ्या टिपणवहीची पानं स्कॅन करून पाठवते.

---

पेन्शनर_धरमपेठ | रविवार, रात्री ९.१०

टाका. कागद हरवणं समजू शकतं. हरवल्याची नोंद नसणं समजत नाही.

---

दप्तरवाली | सोमवार, सकाळी ११.३५

टाकली. ‘जुना ५२ : नव्या क्रमात आढळला नाही. शोध चालू.’ वरच्या माळ्यावर अजून चार पेट्या उघडायच्या आहेत. तळटीप ताई, टिपणवही नक्की पाठवा.

---

मोडीमित्र | सोमवार, सकाळी ११.५०

त्या ओळीला तारीख घाला.

---

दप्तरवाली | सोमवार, सकाळी ११.५२

घातली.

---

सर्व्हरभाऊ_सदर | सोमवार, दुपारी १२.०४

शिडी आहे का तिथं? नसन तर मी घेऊन येतो, शनिवारी सुट्टी आहे.